जँगो राइनहार्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिटार शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या काही महिन्यांतच जँगोची ध्वनिमुद्रणं ऐकवतो. त्यानंतर जे प्रश्न येतात ते इतक्या वर्षांत फारसे बदललेले नाहीत. पहिला प्रश्न हमखास त्याच्या जळलेल्या हाताचा असतो. इथे तो मुद्दाम थोडा मागे ठेवला आहे. आधी माणूस, मग हात.

जँगो राइनहार्ट म्हणजे नेमका कोण?

जॅझ अमेरिकेत जन्मलं, आणि बराच काळ युरोपातले वादक अमेरिकन तबकड्या ऐकून त्यांची नक्कल करत राहिले. ज्याची नक्कल उलट अमेरिकेतल्या वादकांनी करावी, असा युरोपातला पहिला मोठा वादक म्हणजे जँगो. जन्म २३ जानेवारी १९१० रोजी बेल्जियममधल्या लिबेर्शी या गावी, मृत्यू १६ मे १९५३ रोजी पॅरिसजवळच्या सामवा-सुर-सेन इथे. उणंपुरं ४३ वर्षांचं आयुष्य. तोवर जॅझच्या वाद्यवृंदात गिटार बहुतेक वेळा मागे बसून ताल धरायची. तिला ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या बरोबरीनं पुढे आणून बसवणाऱ्या मोजक्या लोकांत त्याचं नाव घ्यावं लागतं.

नावाचा उच्चार काय? आणि अर्थ?

जँगो. रोमन लिपीत नाव 'डी'नं सुरू होतं, पण तो उच्चारायचा नाही. कागदोपत्री तो ज्याँ राइनहार्ट. 'जँगो' हे घरचं नाव, आणि त्याचा अर्थ 'मी जागा होतो' असा सांगितला जातो.

आपल्याला हा अर्थ ओळखीचा वाटतो त्याला कारण आहे. जँगोच्या रोमा समाजाची (बाहेरचे लोक त्यांना जिप्सी म्हणतात) रोमानी ही भाषा मराठीसारखीच भारतीय-आर्य कुळातली. हे लोक सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतीय उपखंडातून पश्चिमेकडे निघाले आणि इराण, आर्मेनिया, बाल्कन असं करत युरोपभर पांगले. वाटेत भाषेत कितीतरी भर पडली, तरी मूळ शब्द टिकले. रोमानीत पाण्याला 'पानी' म्हणतात, नाकाला 'नाक', कानाला 'कान', काळ्याला 'कालो'. फ्रान्समधल्या ज्या शाखेत जँगो जन्मला तिचं नाव 'मानूश', म्हणजे माणूस. हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी त्याची तबकडी पुन्हा लावून बसलो होतो. म्हणून त्याच्या वादनात भारतीय राग शोधायला मात्र जाऊ नये. हजार वर्षांत सुरांचा प्रवास फार वेगळ्या वाटांनी झाला आहे.

मग तो बेल्जियन, फ्रेंच की जिप्सी?

जन्म बेल्जियममध्ये, कारण घोडागाडीचा तांडा त्या थंडीत तिथे उतरला होता. वाढला पॅरिसच्या वेशीबाहेर. तिथे शहराच्या जुन्या तटबंदीलगत मोकळ्या जागेत फिरत्या लोकांच्या गाड्या आणि झोपड्या असत. शाळेशी त्याचा संबंध जवळपास आलाच नाही. फ्रान्सनं त्याला आपला मानलं, बेल्जियमही मानतं. तो स्वतःला मानूश समजत असे. 'जिप्सी' हा शब्द अनेक रोमा लोकांना अपमानकारक वाटतो. त्याच्या शैलीलाही फ्रान्समध्ये 'मानूश जॅझ' म्हणतात आणि मीही तेच म्हणतो.

गिटार त्याच्या हातात कशी आली?

घरात वाद्यं होतीच. वडील वाजवायचे, नातेवाईक वाजवायचे. आधी व्हायोलिन, मग बाराव्या वर्षाच्या सुमाराला एक बँजो-गिटार मिळाली. शिकवणारा असा कुणी नव्हता. मोठ्यांच्या बोटांकडे बघायचं आणि तेच आपल्या बोटांत उतरेपर्यंत घासत राहायचं.

किशोरवयातच तो पॅरिसच्या नाचघरांत अकॉर्डियनवाल्यांच्या साथीला बसू लागला. या संगीताला 'म्युझेत' म्हणतात. त्यातल्या वॉल्ट्झ फार वेगवान असतात आणि अकॉर्डियनवरच्या ताना मोत्यांसारख्या सुट्या-सुट्या पडतात. पुढे जँगोच्या गिटारवर जी लखलखीत, एकेक सूर ठळक वाजणारी तान ऐकू येते, तिचं एक मूळ इथे आहे. जॅझच्या चाहत्यांना हे सांगितलं की ते फारसं मनावर घेत नाहीत, पण त्याच्या समकालीन अकॉर्डियनवादकांच्या तबकड्या ऐकल्या की आपोआप पटतं. १९२८ साली अठरा वर्षांचा असताना त्याची पहिली ध्वनिमुद्रणं झाली, तीही अकॉर्डियनच्या साथीत बँजो वाजवताना. तबकडीवर त्याचं नाव चुकीचं छापलं गेलं. स्वतःचं नाव कसं लिहायचं हे त्यालाच नीट सांगता येत नव्हतं.

आगीत नेमकं काय झालं?

१९२८ सालच्या शरद ऋतूतली रात्र. जँगो वाजवून गाडीत परतला. पत्नी बेला विकण्यासाठी सेल्युलॉइडची फुलं बनवायची, त्यांनी गाडी भरलेली होती. मेणबत्तीची ज्योत फुलांना लागली आणि क्षणात सगळं पेटलं, कारण सेल्युलॉइड अतिशय ज्वालाग्राही. दोघंही बाहेर पडले, पण जँगोचा उजवा पाय आणि डावा हात वाईट भाजला. डॉक्टर पाय कापायचं म्हणत होते. त्यानं साफ नकार दिला आणि पाय वाचला. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी मात्र आखडून तळव्याकडे वळली, ती कायमची.

या आगीच्या थोडंच आधी जॅक हिल्टन या प्रख्यात ब्रिटिश बँडप्रमुखानं त्याला ऐकून नोकरी देऊ केली होती. ती संधी तिथेच संपली. अंथरुणावर असताना भावानं, जोसेफनं, त्याला एक गिटार आणून दिली. बरं व्हायला वर्षभराहून अधिक काळ गेला, आणि त्या काळात त्यानं त्याच गिटारवर हात नव्यानं घडवला.

दोन बोटांनी तो वाजवायचा तरी कसा?

ताना वाजवताना तर्जनी आणि मध्यमा, एवढीच. वळलेली दोन बोटं पूर्ण निकामी नव्हती. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरताना वरच्या सुरांच्या दोन तारांवर ती कशीबशी टेकवता येत. जाड तारेवरचा सूर दाबायला अंगठा गिटारच्या मानेवरून पलीकडे यायचा.

या मर्यादेनं त्याच्या बोटांचा रस्ताच बदलला. चार बोटांचा वादक एका जागी हात ठेवून सहा तारांवर आडवा फिरतो. जँगोला ते जमणारं नव्हतं. तो मानेच्या लांबीत वर-खाली धावायचा, दोन बोटांनी तारा तिरप्या ओलांडत जायचा. अर्धस्वरांची लांबलचक तान एकाच बोटानं घसरत न्यायचा, पण उजवा हात प्रत्येक सुरावर वेगळा आघात करत असल्यामुळे तिची मींड व्हायची नाही. सूर सुटेच राहायचे. कॉर्डही त्यानं तीन-चार सुरांचे, कमी बोटांत मावणारे निवडले. मायनर कॉर्डमध्ये सहावा स्वर मिसळून येणारा तो धूसर रंग आज मानूश जॅझची ओळख झाला आहे.

उजव्या हाताबद्दल कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते अर्धं रहस्य तिथे आहे. मनगट वाकलेलं, हात गिटारच्या पोटाला न टेकलेला, पिक (तार छेडायची चकती) तारेवर मारून खालच्या तारेवर विसावलेलं, आणि तार बदलली की बहुतेक वेळा पुन्हा वरून खाली आघात. माईक नसलेल्या नाचघरात अकॉर्डियनच्या वर ऐकू यायचं तर असाच हात लागतो.

तरुणपणी मी अनामिका आणि करंगळीला चिकटपट्टी गुंडाळून आठवडाभर त्याची वाक्यं वाजवून पाहिली. काही वाक्यं चार बोटांपेक्षा दोन बोटांनी सोपी जातात, हे तेव्हा कळलं. पण ती सुचली कशी, हे पट्टी बांधून कळत नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की हाताची गोष्ट एकदा ऐका आणि बाजूला ठेवा. आधी डोळे मिटून चाल ऐका.

जॅझ त्याला कुठे भेटलं?

तूलाँ या बंदरात, १९३१ साली. एमिल साविट्री हा चित्रकार-छायाचित्रकार तिथे राहत होता आणि त्याच्याकडे अमेरिकन तबकड्या होत्या: लुई आर्मस्ट्राँग, ड्यूक एलिंग्टन, शिवाय जो व्हेनुटी आणि एडी लँग ही व्हायोलिन-गिटारची जोडी. आर्मस्ट्राँगनं जँगोला हलवून टाकलं. जँगोच्या आक्रमक सुरुवाती, वरच्या सुरावर घेतलेला थरथरता ठहराव, बीटच्या किंचित मागे रेंगाळणं हे सगळं ट्रम्पेटचं वळण आहे, आणि ते त्यानं गिटारवर आणलं.

'क्विंटेट ऑफ द हॉट क्लब' या त्याच्या ताफ्यात ढोल-ड्रम का नाहीत?

कारण तो ताफा असा ठरवून बनवलेलाच नव्हता. १९३४ साली पॅरिसच्या क्लॅरिज हॉटेलात लुई व्होलाच्या वाद्यवृंदात जँगो आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली दोघंही नोकरीला होते. मधल्या सुट्टीत रंगमंचामागे ग्रापेली तार लावत काहीतरी वाजवू लागला, जँगोनं साथ धरली, आणि ते रोजचंच झालं. जोसेफ आणि रोजे शापू हे आणखी दोन गिटारवाले आले, डबल बेसवर स्वतः व्होला. पाचही तारवाद्यं. हॉट क्लब द फ्रान्स या रसिकांच्या संस्थेनं त्यांना उचलून धरलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिली ध्वनिमुद्रणं झाली.

ड्रमचं काम दोन गिटारी करत. उजव्या हाताचा तो छक्-छक् चालणारा, दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर तुटक होणारा ठेका, त्याला 'ला पॉम्प' म्हणतात, म्हणजे पंप. ऐकायला सोपा, धरायला महाकठीण. दहा मिनिटं न वाढता, न ढिला पडता तो धरून ठेवणारा वादक मिळाला तर त्याला सोडू नका. जोसेफ राइनहार्टनं तो वर्षानुवर्षं धरला. त्याचं नाव मोठ्या भावाच्या छायेत राहिलं याचं मला वाईट वाटतं.

त्याची गिटार कोणती?

सेल्मर. मूळ आराखडा मारिओ माकाफेरी या इटालियन वादक-कारागिराचा. पॅरिसच्या सेल्मर कंपनीनं १९३२ पासून ती बनवायला घेतली. आधी 'डी' अक्षराच्या आकाराचं मोठं तोंड होतं, पुढे छोटं लंबगोल आलं. लोखंडी तारा आणि कोरडा, धारदार, दूरवर जाणारा आवाज. १९५२ पर्यंत जेमतेम हजाराच्या आतच बनल्या. जँगोची ५०३ क्रमांकाची सेल्मर त्याची दुसरी पत्नी नागीन हिनं १९६४ साली देऊन टाकली आणि ती आता पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आहे.

ग्रापेली आणि जँगो यांचं जमायचं का?

संगीतात फारच. बाहेर अवघड. ग्रापेली वेळ पाळणारा, टापटीप, नोकरीचं भान असलेला. जँगो आज यायचा, उद्या कुठे मासे पकडायला किंवा बिलियर्ड खेळायला गेला तर कार्यक्रम विसरायचा. पैसा आला की जुगारात किंवा नातेवाइकांत संपायचा. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झालं तेव्हा ताफा लंडनमध्ये होता. जँगो सामानाचीही पर्वा न करता पॅरिसला परतला, ग्रापेली लंडनलाच राहिला. त्यांची भेट थेट १९४६ साली झाली. त्या वेळी त्यांनी ध्वनिमुद्रणासाठी वाजवलं ते फ्रान्सचं राष्ट्रगीत, स्विंग या जॅझच्या झुलत्या लयीत. १९४९ साली रोममध्ये दोघांनी शेवटचं मोठं काम केलं, साठांहून अधिक ध्वनिमुद्रणं. ग्रापेली १९९७ पर्यंत जगला आणि वाजवत राहिला.

नाझींच्या काळात तो वाचला कसा?

हा प्रश्न मुलं दबक्या आवाजात विचारतात, आणि विचारावाच असा आहे. नाझींनी युरोपातल्या लाखो रोमा आणि सिंती लोकांना ठार केलं. फ्रान्समध्येही फिरत्या लोकांना छावण्यांत डांबलं गेलं. नाझींच्या लेखी जॅझ हे हलकं, काळ्यांचं आणि ज्यूंचं संगीत. म्हणजे जँगो जन्मानंही गुन्हेगार आणि पेशानंही.

आणि नेमक्या त्याच वर्षांत तो पॅरिसमध्ये सर्वांत जास्त लोकप्रिय होता. अमेरिकन वादक निघून गेले होते आणि लोकांना संध्याकाळी दोन तास तरी युद्ध विसरायचं होतं. जर्मन सैन्यालाही पॅरिस करमणुकीचं शहर म्हणून हवं होतं. त्यांच्या काही अधिकाऱ्यांना तर जॅझचं वेडच होतं. त्यांतला डीट्रिश शुल्त्स-क्योन हा हवाई दलातला अधिकारी 'डॉक्टर जॅझ' म्हणून प्रसिद्ध होता आणि त्याची जँगोवर मर्जी होती. पण मर्जीवर जगणं हे जगणं नव्हे. १९४३ साली बर्लिनला वाजवायला जाण्याचा दबाव वाढला तेव्हा जँगोनं गरोदर नागीनला घेऊन स्वित्झर्लंडला पळायचा प्रयत्न केला. सरहद्दीजवळ तो पकडला गेला. तिथला जर्मन अधिकारीही जॅझचा चाहता निघाला म्हणून सुटला. पुन्हा प्रयत्न केला तर स्विस पहारेकऱ्यांनीच परत पाठवलं. मुलगा बाबिक जून १९४४ मध्ये पॅरिसमध्ये जन्मला. पुढे तोही गिटारवादक झाला.

'नुआज' इतकं प्रसिद्ध का?

'नुआज' ही जँगोचीच रचना, नावाचा अर्थ ढग. १९४० साली, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर काही महिन्यांत ते ध्वनिमुद्रित झालं. व्हायोलिन गेलं होतं म्हणून जँगोनं क्लॅरिनेट घेतलं होतं, त्यामुळे एकूण नाद मऊ झाला. चाल अर्धस्वरांनी हलके-हलके खाली उतरते आणि मग एका अनपेक्षित स्वरावर थांबून श्वास घेते. त्यात घोषणा नाही, शोकही उघड नाही. ताब्यात असलेल्या शहरानं ते आपलं गाणं मानलं.

त्याला नोटेशन येत नव्हतं, तर रचना कशा केल्या?

वाजवून आणि सांगून. कुणाला काय वाजवायचं ते तो गिटारवर किंवा गुणगुणून दाखवायचा. मोठ्या रचना क्लॅरिनेटवादक जेरार लेव्हेक उतरवून घेई. आपल्या लोकांसाठी एक चर्चसंगीताची रचनाही त्यानं अशीच सांगायला घेतली होती, ती पुरी झाली नाही. गुरूकडून तोंडी विद्या घेणाऱ्या आपल्या परंपरेतल्या लोकांना यात नवल वाटायला नको. फ्रान्समधल्या टीकाकारांना मात्र वाटे.

अमेरिकेत तो का चालला नाही?

१९४६ च्या शरदात ड्यूक एलिंग्टननं त्याला दौऱ्यावर बोलावलं. जँगो स्वतःची सेल्मर न घेताच गेला आणि तिथे इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलं. गाजला नाही असं नाही, टाळ्या भरपूर मिळाल्या. पण एलिंग्टनच्या वाद्यवृंदात त्याला मिसळून घेतलं नव्हतं. कार्यक्रमाच्या शेवटी येऊन तो काही तुकडे वाजवायचा, एवढंच. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये दुसऱ्या रात्री तो फ्रेंच मुष्टियोद्धा मार्सेल सेरदाँबरोबर गप्पांत रमला आणि फार उशिरा पोचला. वर्तमानपत्रांनी तेच लक्षात ठेवलं. १९४७ च्या सुरुवातीला तो परतला.

शेवटच्या वर्षांत तो उतरणीला लागला होता का?

हे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आढळतं आणि मला ते मान्य नाही. १९५१ मध्ये तो सामवाला सेन नदीकाठी राहायला गेला, मासेमारी आणि चित्रं काढण्यात रमला, हे खरं. पण त्याच काळात त्यानं बीबॉप हे नवं, अवघड जॅझ इलेक्ट्रिक गिटारवर पचवलं, तेही स्वतःच्या ढंगात. चाळिशीत आपली घडवलेली शैली मोडून तरुणांच्या बरोबरीनं वाजवायला धाडस लागतं.

मृत्यू कसा झाला?

पॅरिसच्या क्लबमध्ये वाजवून तो गाडीनं आव्हाँ स्थानकावर उतरला आणि सामवाला चालत आला. तिथे कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शनिवार होता, डॉक्टर यायला फार वेळ लागला. फाँतेनब्लोच्या रुग्णालयात त्याला मृत घोषित केलं. पुढच्या वर्षी मॉडर्न जॅझ क्वार्टेटच्या जॉन लुइसची 'जँगो' ही शोकरचना आली. सामवात १९६८ पासून त्याच्या नावानं महोत्सव भरू लागला, तो २०१७ मध्ये फाँतेनब्लोला हलला.

मुंबईशी त्याचा काही संबंध?

तो स्वतः कधी आला नाही. पण एक धागा आहे. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आफ्रिकन-अमेरिकन जॅझ वाद्यवृंद वाजवत असत. लिऑन ॲबीच्या ताफ्यात ट्रम्पेटवादक बिल कोलमन १९३६-३७ च्या हंगामात मुंबईत होता. तिथून तो पॅरिसला परतला आणि नोव्हेंबर १९३७ मध्ये 'बिल कोलमन ब्लूज' ध्वनिमुद्रित केलं. त्यात फक्त दोघं आहेत, कोलमनची ट्रम्पेट आणि जँगोची गिटार.

हाताला इजा झालेल्या माणसानं यातून काय घ्यावं?

ब्लॅक सॅबथ या रॉक बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याचं उदाहरण देतो. कारखान्यात त्याच्या बोटांची टोकं तुटली तेव्हा तिथल्या वरिष्ठानं त्याला जँगोची तबकडी ऐकवली, आणि त्यानं गिटार सोडली नाही. माझ्याकडेही करंगळी न वळणारा एक विद्यार्थी आहे. त्याला मी जँगोची बोटरचना लिहून दिलेली नाही. स्वतःची शोधायला वेळ दिला आहे.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

'मायनर स्विंग', १९३७ चं. तीनच मुख्य कॉर्ड आहेत, त्यामुळे तो काय बांधतो ते नवख्यालाही कळतं. मग त्याच वर्षीचं 'इम्प्रोव्हिजेशन', जिथे तो एकटा आहे आणि लयीला मोकळं सोडतो. 'आय विल सी यू इन माय ड्रीम्स' १९३९ चं. त्यातली तान गाता येईपर्यंत ऐका, वाजवायला नंतर घ्या. मग 'नुआज'.

शेवटी ८ एप्रिल १९५३ चं 'डेकाफोनी'. हे त्याच्या शेवटच्या ध्वनिमुद्रण सत्रातलं आहे. पियानोवर पंचवीस वर्षांचा मार्शल सोलाल, ज्याचं हे पहिलंच ध्वनिमुद्रण. व्हायब्राफोन, बेस आणि ड्रम आहेत, व्हायोलिन नाही, पंपही नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा तोच जँगो वाटत नाही. 'मायनर स्विंग' लगेच पुन्हा लावा आणि फक्त एवढं ऐका, की वाक्य संपल्यावर तो पुढचं सुरू करण्याआधी किती थांबतो.